'चर्चा करा' हा शेरा आणि साहेबांशी अबोला

फाइल वर जाते आणि तिसऱ्या दिवशी परत येते. टिपणीच्या खाली दोनच शब्द असतात, 'चर्चा करा'. ज्याचं साहेबांशी बरं आहे तो फाइल उचलतो, दारातून आत डोकावतो आणि पाच मिनिटांत विषय संपवून बाहेर येतो. ज्याचं बिनसलेलं आहे तो फाइल टेबलाच्या कोपऱ्यात ठेवतो आणि उद्या जाऊ म्हणतो. उद्या साहेब व्हीसीला (व्हिडिओ कॉन्फरन्सला) बसलेले असतात, परवा दौऱ्यावर जातात, मग शनिवार-रविवार येतो. बाराव्या दिवशी अर्जदार थेट साहेबांच्या दालनात जाऊन उभा राहतो आणि साहेब विचारतात, "फाइल कुणाकडे आहे?" उत्तर एकच असतं. फाइल अजून त्याच टेबलाच्या कोपऱ्यात आहे.

हे तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयात काम करणाऱ्या महसूल सहायकांसाठी, अव्वल कारकुनांसाठी आणि त्यांच्यासारख्याच इतर शासकीय कार्यालयांतल्या टेबलांसाठी लिहितोय. 'साहेब' म्हटलंय तिथं 'मॅडम'ही समजा. वरिष्ठाशी संबंध ताणले की बहुतेकांना अपमान झाल्याचं दुःख असतं आणि ते खरं असतं. पण नोकरीचं नुकसान होतं ते कामाचं बोलणं बंद पडल्यामुळे. बोलणं थांबलं की फाइल थांबते, आणि थांबलेल्या फाइलचे दिवस ती ज्याच्या टेबलावर आहे त्याच्या नावावर चढतात. म्हणून मन जुळो न जुळो, कामाचं बोलणं आणि कामाचा कागद या दोन वाटा चालू ठेवायच्या. त्या कशा चालू ठेवायच्या, एवढंच इथं सांगायचंय.

दिवस कसे मोजले जातात ते आधी पाहू. आपण ज्याला सरसकट 'बदल्यांचा कायदा' म्हणतो त्या २००५ च्या अधिनियमाच्या नावात बदल्यांच्या जोडीला 'विलंबास प्रतिबंध' हेही आहे. त्याचं कलम १० सांगतं की साधारणपणे कोणतीही फाइल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. 'तात्काळ' फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तातडीची ४ दिवसांत निकाली निघावी. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या प्रकरणात ४५ दिवसांत निर्णय व्हावा आणि पाठवावी लागणाऱ्या प्रकरणात ३ महिन्यांत. जाणूनबुजून केलेला विलंब शिस्तभंगाला पात्र ठरतो. अबोला हे विलंबाचं कारण म्हणून कुठल्याही खुलाशात लिहिता येत नाही.

म्हणून 'चर्चा करा' आलेली फाइल त्याच दिवशी हातात घेऊन जायची. कार्यालय ९.४५ ला सुरू होतं. अभ्यागतांची गर्दी व्हायच्या आत, साडेदहापर्यंत गाठता आलं तर उत्तम. आत जाताना प्रश्न एकच ठेवायचा आणि तोही असा की दोनांतला एक पर्याय निवडून त्याचं उत्तर देता येईल. "साहेब, या प्रकरणात मोजणीचा अहवाल आधी मागवू की अर्जदाराला सुनावणीची नोटीस काढू?" एवढंच विचारायचं. बाहेर आल्यावर लगेच टिपणीत पुढची ओळ लिहायची: 'आदेशानुसार दि. १५ रोजी समक्ष चर्चा केली. चर्चेनुसार मोजणी अहवाल मागविण्याचे पत्र मसुद्यासह सादर.' चर्चा झाली, कोणत्या तारखेला झाली आणि तीत काय ठरलं, हे तीनही कागदावर आलं. पुढे कुणी "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणालं तर ही ओळ उपयोगी पडते, कारण तिच्याखाली साहेबांची सही असते. साहेब दोनदा भेटले नाहीत तर तेही लिहावं, पण ज्या भाषेत तक्रार दिसणार नाही अशा भाषेत: 'दि. १५ व १६ रोजी मा. महोदय बैठक व दौऱ्यावर असल्याने चर्चा होऊ शकली नाही. विषय मुदतीचा असल्याने पुढील दोन पर्याय विचारार्थ सादर.' फाइल पुन्हा वर गेली की दिवस तुमच्या नावावर चढायचे थांबतात.

ताण सुरू कुठून होतो, हेही बघायला हवं. बऱ्याचदा स्वभाव निमित्ताला असतो आणि मूळ चार्जमध्ये, म्हणजे टेबलाचं काम ताब्यात घेण्यात, सापडतं. टेबल बदललं, आधीचा माणूस घाईत कार्यमुक्त झाला आणि चार्ज यादीवर 'संकलनातील सर्व अभिलेख', म्हणजे त्या टेबलाच्या कामाचे सगळे कागद, अशी एक ओळ लिहून दोघांनी सह्या केल्या. महिनाभरानं वरून विचारणा होते, एक जुनं प्रकरण सापडत नाही आणि साहेबांचा पहिला मेमो तुमच्या हातात पडतो. इथून नातं नासायला लागतं आणि मग प्रत्येक परत आलेली फाइल डूख धरल्यासारखी वाटते. चार्ज घेताना चार याद्या वेगवेगळ्या मागा. पहिली प्रलंबित प्रकरणांची, प्रत्येकासमोर शेवटची कार्यवाही आणि तारीख असलेली. दुसरी मुदतीच्या बाबींची, म्हणजे न्यायालयीन प्रकरणं, विधानमंडळाचे प्रश्न, माहिती अधिकाराचे अर्ज. तिसरी नोंदवह्यांची, शेवटच्या लिहिलेल्या पानाच्या क्रमांकासह. चौथी न सापडलेल्या संचिकांची. ही चौथी यादी लोक संकोचानं टाळतात. ती सात दिवसांच्या आत साहेबांना सादर केलीत तर ती माहिती असते, आणि सहा महिन्यांनी दिलीत तर सबब वाटते.

टेबलावरचे कागद लावायची सहा गठ्ठा पद्धत आपल्याकडे १९८० च्या दशकात अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून पसरली. बैठकीतली म्हणजे टेबलावर काम चालू असलेली प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं म्हणजे ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची, असे सहा गठ्ठे. तपासणीच्या आठवड्यात लावायची गोष्ट म्हणून तिच्याकडे पाहिलं जातं, पण वरिष्ठाशी ताण असताना तिच्याइतका आधार दुसरा नाही. साहेबांनी फाइल मागितली आणि ती दोन मिनिटांत टेबलावर आली, असं सलग महिनाभर झालं की आवाज चढवायला निमित्त उरत नाही. विशेषतः प्रतीक्षाधीन गठ्ठा दर सोमवारी उघडा. ज्या प्रकरणात दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहताय त्यात स्मरणपत्र कधी गेलं, ते त्याच दिवशी कार्यविवरण नोंदवहीत, म्हणजे टेबलावर आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, पाहून घ्या.

ताणाचं दुसरं मूळ पदोन्नतीत असतं. कालपर्यंत शेजारच्या टेबलावर बसून एका डब्यात जेवणारा माणूस आज अव्वल कारकून किंवा नायब तहसीलदार होतो. त्याला 'अरे' म्हणायचं की 'साहेब', हा प्रश्न वरवर लहान वाटतो, पण त्यावरून दोन्हीकडे मनात खूप काही साठतं. माझ्या मते इथं पहिलं पाऊल खालच्यानं टाकावं. लोकांसमोर, शिपायासमोर आणि फोनवर बोलताना 'साहेब' किंवा 'मॅडम' म्हणायचं, पहिल्या दिवसापासून. एकट्यात काय म्हणायचं ते त्यांना ठरवू द्या. त्याउलट चारचौघांत जुन्या नावानं हाक मारली तर नव्या पदावर अजून अंग न धरलेल्या माणसाला तो उपमर्द वाटतो आणि अधिकार दाखवायला तो तुमचीच फाइल निवडतो.

आता तोंडी आदेशांकडे वळू. सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात आणि सगळ्यात जास्त धोकाही इथंच आहे.

समजा अतिवृष्टीच्या मदतीची यादी आहे. २१४ खातेदार आहेत. पंचनाम्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशा तिघांच्या सह्या लागतात आणि ३७ पंचनाम्यांवर कृषी सहायकाची सही नाही. संध्याकाळी साडेपाचला साहेब म्हणतात, "यादी आजच पाठवा, सह्या मागाहून घेऊ." त्यांच्यावर वरून दाब आहे, उद्या सकाळी व्हीसीत तालुक्याचा आकडा विचारला जाणार आहे, हेही खरं. अशा वेळी दोन चुका होतात. एक म्हणजे "लेखी द्या, मग पाठवतो" असं तोंडावर म्हणणं. दुसरी म्हणजे मुकाट्यानं यादी पाठवणं. पहिलीनं नातं तुटतं. दुसरीत पुढच्या लेखापरीक्षणात यादी तयार करणारा म्हणून तुमचं एकट्याचं नाव राहतं.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ इथं कामाला येतो. वरिष्ठांच्या निर्देशानुसार वागताना शक्य असेल तिथं ते निर्देश लेखी घ्यावेत आणि शक्य नसेल तिथं नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी, असं तो सांगतो. म्हणजे तोंडी आदेश पाळणं यात गैर नाही, पुष्टी न घेणं हा आपला दोष ठरतो. आणि पुष्टी घ्यायला वेगळं पत्र लागत नाही, टिपणी पुरते:

'दि. १२ रोजी सायं. ५.३० वा. मा. महोदयांनी दिलेल्या तोंडी निर्देशांनुसार अतिवृष्टी बाधितांची यादी (एकूण २१४ खातेदार) सादर. त्यापैकी १७७ खातेदारांचे पंचनामे परिपूर्ण असून त्यांची नावे परिशिष्ट अ मध्ये आहेत. उर्वरित ३७ पंचनाम्यांवर कृषी सहायक यांची स्वाक्षरी अप्राप्त असून ती नावे परिशिष्ट ब मध्ये स्वतंत्र दर्शविली आहेत. परिशिष्ट ब मधील नावे याच यादीत समाविष्ट करावीत किंवा स्वाक्षरी प्राप्त होताच पूरक यादीने सादर करावीत, याबाबत आदेशास्तव सादर.'

ही टिपणी लिहायला दहा मिनिटं लागतात. तीत साहेबांवर शंका घेतलेली नाही. आकडा आजच तयार आहे, त्यामुळे त्यांची उद्याची व्हीसी निभावते. आणि ३७ नावांचा निर्णय ज्याच्या अधिकारात आहे त्याच्याचपुढे गेला आहे. अनुभवी अधिकारी अशी टिपणी पाहून बहुधा 'पूरक यादी सादर करा' असंच लिहितो, कारण सही त्यालाही करायची असते. आदेश फोनवर आला असेल तर वेळ नक्की टाका. व्हॉट्सॲपवर आला असेल तर संदेश जपून ठेवाच, पण टिपणीत त्याचा उल्लेखही करा, कारण फोन बदलला तरी संचिका कार्यालयात राहते.

काही वेळा टिपणी परत येते आणि सोबत निरोप येतो की हा परिच्छेद काढून नवं पान लावा. तसं करू नका. टिपणीची पानं क्रमांकित असतात आणि मधलं पान बदललेलं तपासणीत लगेच कळतं. त्याऐवजी खाली नवी टिपणी लिहा: 'सूचनेनुसार सुधारित प्रस्ताव खालीलप्रमाणे सादर.' आधीची तशीच राहू द्या. ई-ऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या फाइलमध्ये, हा प्रश्न बराच सोपा झालाय. पिवळी टिपणी हा मसुदा असतो, तो दुरुस्त करता येतो, टाकूनही देता येतो. हिरवी टिपणी एकदा पुढे पाठवली की तिच्यात बदल होत नाही आणि फाइल कुणाकडे किती वाजता गेली हे हालचालीच्या नोंदीत दिसतं. म्हणून ज्या विषयावर साहेबांशी मतभेद होण्याची शक्यता आहे तो आधी पिवळ्या टिपणीतून दाखवावा. साहेबांना तिथं दुरुस्ती करायला जागा मिळते, कमीपणा वाटत नाही आणि हिरवी टिपणी दोघांना मान्य असलेली जाते. कामाचा ताण निम्मा करणारी ही सवय आहे आणि ती फार थोड्या टेबलांवर पाहायला मिळते.

मतभेद लिहायची रीतही पाहा. रागाच्या दिवसांत टिपणीत अशी वाक्यं उतरतात: 'याबाबत यापूर्वीच वारंवार निदर्शनास आणून दिले होते', 'तरीही आदेश झाल्याने नाइलाजास्तव सादर'. लिहिताना बरं वाटतं, पण माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली टिपणीची प्रत कुणीही नागरिक मागू शकतो. उद्या ती प्रत अर्जदाराच्या वकिलाच्या हातात असते आणि कार्यालयातलं भांडण सुनावणीत वाचलं जातं. तोच विरोध असा लिहिता येतो: 'पृ. ७ वरील टिपणीकडे लक्ष वेधण्यात येते. शासन निर्णयातील अट ४ नुसार उत्पन्नाचा दाखला आवश्यक आहे. प्रस्तुत प्रकरणी तो संलग्न नाही.' वस्तुस्थिती, नियम, आधीच्या अशाच प्रकरणात काय झालं, पर्याय आणि शेवटी तुमचा प्रस्ताव, या क्रमानं लिहा. 'वारंवार', 'नाइलाजास्तव', 'जाणीवपूर्वक' हे तीन शब्द टिपणीतून काढून टाकले की अर्धा विखार निघून जातो.

मेमो आला की घाबरायचंही नाही आणि तो टेबलाच्या खणात टाकायचाही नाही. मेमो किंवा ज्ञापन ही शिक्षा नसते, ती विचारणा असते. ठपका ठेवणं, वेतनवाढ रोखणं या शिक्षा महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये दिलेल्या आहेत आणि त्या सक्षम प्राधिकाऱ्यालाच देता येतात. महसूल सहायकाचे नियुक्ती प्राधिकारी जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे शेजारच्या दालनातले साहेब मेमो देऊ शकतात, पण वेतनवाढ स्वतःच्या सहीनं रोखू शकत नाहीत. किरकोळ शिक्षेसाठीसुद्धा आधी लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पण उत्तरच न दिलेले मेमो साठत गेले की पुढच्या कार्यवाहीत तेच तुमच्याविरुद्ध वाचले जातात.

खुलासा एक पानाचा असावा आणि त्यात तारखा असाव्यात: 'सदर अर्ज दि. ३ रोजी आवक होऊन दि. ५ रोजी या संकलनास प्राप्त झाला. दि. ८ रोजी टिपणी सादर केली (पृ. ११). दि. १५ रोजी चर्चेच्या शेऱ्यासह परत प्राप्त झाली. त्याच दिवशी चर्चा करून दि. १६ रोजी फेरसादर केली (पृ. १२). दि. १६ ते २४ या कालावधीत संचिका या संकलनाकडे नव्हती.' शेवटचं वाक्य इथंच थांबवा. फाइल कुणाकडे होती ते वाचणाऱ्याला कळतं, नाव लिहून बोट दाखवायची गरज नसते. तुमच्याकडून खरोखर उशीर झाला असेल तर तो कारणासह कबूल करा आणि तो विषय आता कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहा. चोवीस तासांची मुदत असेल आणि कागद हाताशी नसतील तर त्या मुदतीतच एक अर्ज द्या, कोणते कागद पाहायला हवेत ते नावानिशी लिहा आणि तीन दिवस मागा. स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे ठेवायच्या प्रतीवर, आवक शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय जागेवर येऊ नका. इतका नीट लिहिलेला खुलासा या पोचेशिवाय वाया जातो.

गोपनीय अहवालाची, म्हणजे वरिष्ठ तुमच्या वर्षभराच्या कामावर लिहितात त्या अहवालाची, भीती मात्र खरी आहे. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं धरतात. पदोन्नतीच्या वेळी तर तो पाहिला जातोच, १०, २० आणि ३० वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेच्या, म्हणजे पदोन्नती न मिळताही वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेच्या, लाभाच्या वेळीही पाहतात. तुमचे प्रतिवेदन अधिकारी (अहवाल लिहिणारे) कोण आणि पुनर्विलोकन अधिकारी (तो तपासणारे) कोण, हे आस्थापना शाखेत जाऊन वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. ज्यांच्याशी बिनसलंय ते कदाचित दोन्हींपैकी कुणीच नसतील. असले तरी त्यांच्यावर पुनर्विलोकन करणारा असतो आणि त्याच्यासमोर तुमचं स्वयंमूल्यनिर्धारण असतं. तिथं 'नेमून दिलेली सर्व कामे वेळेत केली' असं लिहून संधी घालवू नका. वर्षभराच्या गोषवाऱ्यातून आकडे उचला: वर्षारंभी शिल्लक किती, नवीन आवक किती, निकाली किती, अखेर शिल्लक किती, लेखा आक्षेप किती मिटवले. हे आकडे साहेबांच्याच सहीनं दरमहा वर गेलेले असतात. त्यांच्या विरुद्ध प्रतवारी लिहायची तर त्यांना कारण द्यावं लागतं.

प्रतवारी खाली आली तर ती तुम्हाला कळवलीच पाहिजे. देव दत्त विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं की केवळ प्रतिकूलच नव्हे, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवावी. त्या प्रकरणात नोंद 'चांगला' अशी होती, पण पदोन्नतीला 'अतिशय चांगला' लागत होतं, म्हणजे ती चांगली नोंदच माणसाला मागं ठेवत होती. २०१३ मध्ये सुखदेव सिंह प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठानं तेच मत कायम केलं. प्रत मिळाली की पत्रात दिलेल्या मुदतीत अभिवेदन, म्हणजे नोंदीविरुद्धचं लेखी म्हणणं, द्या आणि त्यात साहेबांच्या स्वभावाबद्दल एकही वाक्य लिहू नका. नोंद काय आहे, तिच्या विरुद्ध जाणारा कागद कोणता, त्याचा जावक क्रमांक काय, एवढंच लिहा. अभिवेदनावर ६ महिने उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या १ वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं ते बसतं. तिथवर जायची वेळ फार थोड्यांवर येते, पण मुदत हुकल्यामुळे हक्काचं प्रकरण गेलं असं होऊ देऊ नका.

हे सगळं कागदाचं झालं. पण समोरासमोर एकदा बोलल्याशिवाय ताण सैल होत नाही, आणि ते बोलणं बहुतेक जण चुकीच्या दिवशी करतात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, असतो, तो दिवस टाळा. मार्चचा दुसरा पंधरवडा, अधिवेशनाचे दिवस, व्हीसीच्या आधीचा तास, हेही टाळा. दौऱ्यावरून परतल्यावरचा दुसरा दिवस, दुपारच्या जेवणानंतरची वेळ बरी. दहा मिनिटं मागून घ्या आणि ज्या टिपण्या परत आल्यात त्यातल्या दोन-तीन सोबत न्या. "साहेब, तुम्ही माझ्याशी असं का वागता?" या प्रश्नाला कुठलाही माणूस खरं उत्तर देत नाही, देऊ शकत नाही. "साहेब, गेल्या महिन्यात माझ्या चार फायली परत आल्या. माझं कुठं चुकतंय ते समजून घ्यायचंय. तुम्हाला टिपणी कशी हवी?" याला उत्तर मिळतं. कधी कळतं की साहेबांना नियम वर आणि हकिगत खाली हवी आहे. कधी कळतं की आधीच्या ठिकाणी एका चुकीच्या टिपणीवर सही करून ते चौकशीत अडकले होते आणि तेव्हापासून प्रत्येक ओळ वाचतात. माणूस कशाला घाबरतो ते कळलं की त्याचा राग वेगळा दिसायला लागतो.

लोकांसमोर ओरडले असतील तर त्या क्षणी उत्तर देऊ नका, पण गिळूनही टाकू नका. तासाभरानं आत जाऊन शांतपणे म्हणा, "चूक असेल तर मला आत बोलवून सांगा, मी दुरुस्त करीन. अभ्यागतांसमोर बोललात तर टेबलावर मला कुणी जुमानत नाही आणि काम अडतं." हे वाक्य कामाच्या भाषेतलं आहे, म्हणून ऐकलं जातं. पुन्हा घडलं तर स्वतःच्या डायरीत तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि नेमके शब्द, अशा चार ओळी लिहा. पुन्हा पुन्हा घडत राहिलं तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अर्ज 'योग्य मार्गाने' म्हणजे त्याच साहेबांमार्फत द्यावा लागतो, त्यामुळे त्याची आगाऊ प्रत वर पाठवा आणि अर्जात तसा उल्लेख करा. चोरून गेल्यासारखं दिसता कामा नये.

दोन गोष्टी मात्र या समजुतीच्या चौकटीत बसत नाहीत. लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या अधिनियमाखाली अंतर्गत समितीकडे घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते. कार्यालयात दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अशा वेळी 'साहेबांशी जुळवून घ्या' असं सांगणाऱ्या सहकाऱ्याचं ऐकू नका.

काही वाटा दिसायला जवळच्या असतात आणि माणसाला खोलात नेतात. आमदारांकडून फोन करवणं ही त्यातली पहिली. स्वतःच्या सेवाविषयक कामासाठी राजकीय किंवा बाहेरचा दबाव आणायला वर्तणूक नियमांनीच मनाई केली आहे, आणि असा फोन आला की तुमची रास्त तक्रारही हलकी होते. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टोमणे मारणं, रागाच्या भरात वैद्यकीय रजेवर जाणं, पुराव्यासाठी संचिकेच्या झेरॉक्स घरी नेणं, यांतलं काहीही करू नका. प्रत हवीच असेल तर नागरिक म्हणून माहिती अधिकारात तुम्हीही अर्ज करू शकता. बदलीचा अर्ज जरूर करा, पण तो एकमेव उपाय समजू नका. पदावरचा साधारण कार्यकाळ ३ वर्षांचा आणि बदल्यांचे महिने एप्रिल-मे, त्यामुळे पुष्कळदा तुमच्या आधी साहेबच जातात.

त्यांच्या बदलीचा आदेश निघाला की कार्यमुक्त व्हायच्या आधीच्या आठवड्यात तीन कामं उरकून घ्या. ज्या तोंडी आदेशांची पुष्टी राहिली आहे त्या टिपण्या सादर करून सह्या घ्या. त्यांच्या दालनात अडकलेल्या तुमच्या संकलनाच्या फायली यादीनुसार परत आणा. आणि त्या वर्षात त्यांनी तुमचं काम ३ महिन्यांहून जास्त पाहिलं असेल तर तेवढ्या काळाचा गोपनीय अहवाल लिहून होईल असं पाहा, स्वयंमूल्यनिर्धारण स्वतः नेऊन द्या. पुढं त्यांना शोधत दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागत नाही. निरोपाच्या कार्यक्रमाला हजर राहा, हार घाला, चहा घ्या. दुसऱ्या दिवशी नवे साहेब रुजू होतील तेव्हा तुमच्या संकलनातल्या प्रलंबित प्रकरणांची एक पानी यादी, मुदतीच्या तारखांसह, त्यांच्या टेबलावर आधीच ठेवलेली असू द्या.